माहेर, शेजार, भजनी मंडळ: बाईवरची मारहाण थांबवायला गावातल्याच गोष्टी कशा वापरायच्या

गावात एखाद्या बाईला नवरा मारतो हे पोलिसांना कळायच्या कितीतरी आधी सगळ्या आळीला माहीत असतं. शेजारणीला भिंतीपलीकडून ऐकू येतं, अंगणवाडीताईला पोराच्या वागण्यावरून कळतं, गिरणीत दळण घेऊन आली आणि तोंडावरून पदर काढत नाही हे चार बायका बघतात, माहेरी तर फोनवरचा नुसता आवाज ऐकून आई ओळखते. तरी कोणी काही करत नाही कारण लहानपणापासून ऐकलेलं असतं, नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण २५ टक्के बायकांनी सांगितलंय की नवऱ्यानं त्रास दिलाय, मारलंय. म्हणजे तुमच्या घरी हळदीकुंकवाला चाळीस जणी आल्या तर त्यातल्या दहाजणी. नावं आठवून बघा, आठवतील.

कायदा आहे आणि तो लागतोच, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय. पण रात्री अकरा वाजता दार आतून लावून मारहाण चालू असते तेव्हा सगळ्यात जवळ शेजारी असतात, आणि ती बाई सकाळी पहिला फोन करते तो माहेरी, ठाण्यात नाही. म्हणून आपल्या ज्या रीती आहेत, नाती आहेत, एकमेकांचं बघायची जी सवय आहे तीच कामाला लावायची. ह्यातलं सगळं चांगलं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. बाईनं सोसावं, घरातलं घरात ठेवावं, दिल्या घरी मेली तरी चालेल हे पण आपल्याच परंपरेतलं आहे. मी एकच बघते, ह्या रीतीमुळं त्या बाईभोवती माणसं वाढतात का कमी होतात. वाढत असतील तर ती रीत धरायची, तिला एकटी पाडत असेल तर सोडून द्यायची, मग ती कितीही जुनी असू दे.

सुरुवात माणसांपासून, कमिटी नंतर

बरेच जण आधी समिती करतात, अध्यक्ष उपाध्यक्ष ठरवतात, बॅनर छापतात आणि तिथंच सगळं संपतं. तसं करू नका. तुमच्या वाडीत किंवा गल्लीत असं कोण आहे की जिच्याकडं बायका आपणहून जाऊन बोलतात, ती शोधा. बऱ्याचदा ती आशाताई असते, बचतगटातली एखादी असते, सुईणीचं काम केलेली एखादी आजी असते, भजनी मंडळात पेटी वाजवणारी काकू असते. अशा तीन-चारजणी पुरे. त्यात एक तरी अशी पाहिजे की जिच्या घरात कोणी राजकारणात नाही, आणि एक तरी अशी पाहिजे की जी दलित वस्तीतली, पारधी पालावरची, मुसलमान मोहल्ल्यातली, म्हणजे गावाच्या कडेला जी घरं असतात तिथली असेल, नाहीतर हे सगळं फक्त वरच्या आळीपुरतंच चालतं आणि ज्यांना जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

ह्या बायकांनी आपसात एक गोष्ट पक्की करायची, ऐकलेलं बाहेर जाणार नाही. गावात हे अवघड आहे मला माहितीये. पण एकदा जरी एखादीचं बोलणं पाणवठ्यावर फिरलं तर पुढं वर्षभर कोणी तोंड उघडणार नाही.

माहेर

ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते सगळ्यात मोठी ताकद इथं आहे आणि सगळ्यात मोठा घात पण इथंच होतो.

आपल्याकडं लग्न झालेल्या मुलीकडं लक्ष ठेवायची किती सोय करून ठेवलीय बघा. लग्नात मामा पाठीशी उभा राहतो. सासरी जाताना पाठराखीण बरोबर जाते म्हणजे नवीन घरात पहिल्या रात्री ती एकटी नसते. आखाडात नवी सून माहेरी येते, नागपंचमीला लेकी येतात, मुराळी पाठवून त्यांना आणतात, दिवाळीला भाऊबीज असते, गौरीला येतात, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा तरी मुलीला आपल्या माणसांनी डोळ्यांनी बघायचं अशी ही व्यवस्था आहे. आपण तिचं काय केलं तर साडी, पुरणपोळी आणि फोटो. मुलगी आली, जेवली, गेली, कोणी तिला बाजूला घेऊन विचारलंच नाही.

तर आता असं करा. मुराळी जाताना नुसता दारात गाडी लावून हॉर्न वाजवायचा नाही, आत जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, घर बघायचं, सासूशी जावयाशी बोलायचं आणि मुलगी मोकळेपणानं समोर येते का, बोलताना सारखी नवऱ्याच्या तोंडाकडं बघते का, फोन तिच्याकडं आहे का, हे बघायचं. माहेरी आल्यावर आईनं, आत्यानं, वहिनीनं, जिच्याशी तिचं जमतं तिनं एकटीत विचारायचं. ‘सुखी आहेस ना’ असं विचारलं की मुलगी ‘हो’च म्हणते, त्याच्यापेक्षा साधे साधे प्रश्न विचारा, भांडण झालं की काय होतं, तो रागावला की काय करतो, खर्चाला पैसे कोण देतं, रात्री झोप लागते का. अंगावर खुणा असतील तर रडारड करून घर डोक्यावर घ्यायचं नाही, आधी ऐकून घ्यायचं, मग शक्य असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद करून घ्यायचा, तो कागद पुढं फार कामाला येतो.

येता येत नसेल तर फोनवरची एक खूण ठरवून ठेवा. एखादं साधं वाक्य, जसं की ‘आईची गुडघेदुखी कशी आहे’, म्हणजे मला न्यायला या. हे लग्नाच्या आधीच ठरवायचं, आणि सगळ्याच मुलींशी ठरवायचं, म्हणजे कोणत्या जावयावर संशय घेतला असं होत नाही.

दुसरं, लग्नाची बैठक. सुपारी फुटायच्या आधी पाच माणसं बसतात, याद्या होतात, भांडी किती, सोनं किती, मानपान कुणाचा. त्याच बैठकीत मुलीच्या मामानं किंवा चुलत्यानं उठून सरळ सांगायचं, हुंडा देणार नाही, मुलीचे दाखले, आधार, बँकेचं पुस्तक तिच्याकडंच राहील, तिनं शिक्षण किंवा काम चालू ठेवायचं म्हटलं तर अडवायचं नाही आणि तिच्यावर हात उचललेला आम्हाला चालणार नाही. पाच माणसांसमोर दिलेला शब्द आपल्याकडं अजूनही मानतात. सोयरीक जमवणारा जो मध्यस्थ असतो त्याला पण तिथंच सांगायचं की बाबा, तू जमवलंस ना, मग वर्षभर तू पण विचारपूस करायची. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ चा आहे, तरी याद्या होतातच, म्हणून मुलीकडच्या चार घरांनी एकत्र ठरवलं तर जास्त फरक पडतो, एकट्या बापाला ते झेपत नाही, त्याला वाटतं स्थळ हातचं जाईल.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, मुलगी परत आली तर काय. ‘आता हे घर तुझं नाही’ हे वाक्य, ते लाडात बोललेलं असलं तरी, तोंडातून काढायचं नाही. उलट लग्नाच्या दिवशी पाठवणीच्या वेळी बापानं सगळ्यांसमोर म्हणायचं की तुझी खोली तुझीच आहे, कधीही ये. आणि ते नुसतं म्हणून चालत नाही. आपल्याकडं बहिणी भावांना जमिनीचं हक्कसोडपत्र करून देतात, रजिस्टर ऑफिसात जाऊन सह्या करतात, बहुतेकींना पैशाची हाव नसते आणि भीती एवढीच असते की वाटणी मागितली तर माहेर तुटेल. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच हक्क मिळाला. ज्या बाईच्या नावावर काहीच नाही ती मार खाऊन जाणार कुठं? माझं भावांना कळकळीचं सांगणं आहे, भाऊबीजेला ओवाळणीत साडी द्या नाहीतर पैसे द्या, पण बहिणीची सही मागू नका. तिच्या नावावर दोन गुंठे आणि एक खोली राहू दे. सासरच्यांना हे माहीत असलं की वागणं बदलतं, मी बघितलंय.

शेजारधर्म

आपण शेजारी आजारी पडला तर डबा देतो, मयत झालं तर चूल पेटवू देत नाही, तिथलं जेवण आपल्या घरून जातं. मग मारहाणीचा आवाज आला की टीव्हीचा आवाज का वाढवतो? कारण ‘त्यांचं घरातलं आहे’.

करायचं असं. आवाज आला की एकट्यानं घुसायचं नाही, दोघं-तिघं मिळून जायचं, त्यात एक वयानं मोठं माणूस असलं तर उत्तम. दार वाजवायचं आणि कारण काहीही चालतं, विरजण आहे का, मोटारीची लाइट गेलीय का बघा, पोराला ताप आलाय जरा गाडी काढा. मारणारा माणूस एकदा दाराशी आला की त्याचा हात थांबतो, तेवढा वेळ पण खूप असतो. वाद घालायचा नाही, तुमची बायको, तुमचा हक्क वगैरे चर्चा दारू प्यालेल्या माणसाबरोबर करायची नाही. बाईला आणि पोरांना ‘जरा आमच्याकडं चला’ म्हणून बाहेर काढता आलं तर काढायचं. हातात कोयता, काठी, रॉकेल असं काही असेल तर दाराशी पण जायचं नाही, लांबून सगळ्यांना गोळा करायचं आणि ११२ ला फोन लावायचा.

लोकांना भीती असते की मधे पडलो तर आपल्यावरच केस होईल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अशी हिंसा होतेय किंवा होणार आहे असं ज्याला वाटतं तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला (ह्या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही. हे वाक्य ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशीचं काम जास्त महत्त्वाचं. त्या बाईशी बोलायचं, पण सासू समोर असताना नाही. शेतात भांगलताना, धुणं धुताना, पोराला शाळेत सोडताना. ‘रात्री आवाज आला, मला झोप नाही लागली, तू एकटी नाहीस’ एवढं म्हटलं तरी पुरे. ‘तू उलट बोलली असशील’ हे कधीच म्हणायचं नाही. तिची कागदपत्रं, थोडे पैसे, एक जोडी कपडे तुमच्या घरी पिशवीत ठेवायची तयारी दाखवा. नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करायचे असतील तर भिशीवाली, पार्लर अशा नावानं करा, नवरे फोन तपासतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमध्ये हे अजून कठीण होतं. बीड, नगर, जालन्याकडून दिवाळीच्या आसपास माणसं निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे एक जोडी धरतात, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, पाच-सहा महिने कोपीत म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहायचं, माहेर शंभर-दोनशे किलोमीटर लांब आणि मुकादमाच्या शब्दापुढं कोणी जात नाही. तिथं टोळीतल्या बायकांनीच आपसात ठरवायचं की फडात, पाण्याला, बाहेरच्या वाटेला कोणी एकटी जाणार नाही आणि कोणाच्या कोपीतून आवाज आला तर सगळ्या बाहेर येऊन उभ्या राहणार. निघायच्या आधी गावातल्या आशाताईकडं टोळीतल्या एका बाईचा नंबर आणि कारखान्याचं नाव देऊन ठेवायचं. आणि पोरगी मागं ठेवायची भीती वाटते म्हणून तेरा-चौदाव्या वर्षी तिचं लग्न उरकून टाकणं बंद व्हायला पाहिजे, तिला गावात चांगल्या चार घरांनी मिळून सांभाळायचं, पूर्वी आजी-आत्या सांभाळायच्याच की, नाहीतर हंगामी वसतिगृह मागून घ्यायचं. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. इतक्या लहान वयात गेलेली मुलगी सासरी तोंड उघडू शकत नाही. गावात बालविवाह थांबवायचं काम ग्रामसेवकाचं आहे आणि अंगणवाडीसेविकेनं त्याला मदत करायची असते. पण मंडपवाला, आचारी, बँडवाला, भटजी ह्यांनी वयाचा दाखला बघितल्याशिवाय सुपारी घ्यायची नाही असं ठरवलं तर लग्न उभंच राहत नाही, आणि कायद्यानं ते पण अडकतात हे त्यांना समजावून सांगा.

हळदीकुंकू आणि भजन

‘महिला अत्याचार जनजागृती मेळावा’ असा फलक लावलात तर जिला गरज आहे ती बाई येणार नाही, तिचा नवरा येऊ देणार नाही. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला कोणी अडवत नाही. तिथं बोला. पहिली गोष्ट म्हणजे विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, सोडून आलेल्या बायकांना पण बोलवा आणि कुंकू लावा, वाण द्या. ज्या रीतीत नवरा असेल तरच मान मिळतो तिथं मार खाणारी बाई नवऱ्याला सोडायचा विचार तरी कसा करेल, तिला दिसतं ना की सोडून आलेलीचं काय होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. मग राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेच करायला सांगितलं. गावानं ठरवलं तर जुनी रीत बदलते ह्याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा आहे.

वाण म्हणून वाट्या-डबे देताच, त्याच दिवशी पंधरा मिनिटं एखादी वकीलताई किंवा आशाताई साध्या भाषेत बोलू दे. कोणाला हात वर करून ‘मला मारतात’ असं सांगायला लावू नका, तो दिवस त्याचा नाही. फक्त एवढं कळू दे की ह्या घरी, ह्या काकूंकडं येऊन बोलता येतं.

भजनी मंडळ आणि सप्ताह ह्याचा उपयोग वेगळा आहे. कीर्तनकाराचं म्हणणं पुरुष ऐकतात, आपलं ऐकत नाहीत. सप्ताहाला महाराज ठरवताना गावानं आधीच विनंती करायची की एक दिवस ह्या विषयावर बोला. वारकरी परंपरेत त्यांना सामान भरपूर आहे. संत बहिणाबाईंना नवऱ्याची मारहाण सोसावी लागली आणि हे त्यांनी स्वतःच्याच शब्दांत सांगून ठेवलंय, साडेतीनशे वर्षांपूर्वी. ज्या गावात त्यांचं नाव आदरानं घेतात त्या गावात बायकोवर हात उचलणारा माणूस सप्ताहात वीणा धरून उभा कसा राहतो, हे महाराजांनी मंडपात विचारलं तर त्याचा परिणाम होतो. उलट बायकांच्या कपड्यांवर आणि मोबाइलवर टीका करून टाळ्या घेणारे महाराज असतील तर त्यांना बोलवू नका, बिदागी गाव देतं, निवड गावानं करायची.

पुरुषांशी पुरुषांनी बोलायचं

मुंबईत मावा नावाची संस्था १९९३ पासून पुरुषांसोबत हेच काम करतेय. गावात त्यासाठी संस्था नसली तरी तालमीचा वस्ताद आहे, गणपती मंडळ आहे, पारावर बसणारी जुनी माणसं आहेत. वस्तादाचा शब्द पैलवान खाली पडू देत नाही. त्यानं पोरांना सांगायचं की अंगातली ताकद बाईवर काढणारा माझ्या तालमीत माती लावणार नाही.

ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्याच्याशी त्याचा मित्र बोललेला बरा, किंवा मामा, किंवा ज्याच्या उपकाराखाली तो आहे असा कोणी. सकाळी, शुद्धीत असताना, एकटा गाठून. चारचौघात अपमान केला तर त्याचा राग घरी जाऊन बाईवरच निघतो, हे विसरू नका. आणि ‘तुझ्या बायकोनं आम्हाला सांगितलं’ हे तर चुकूनही म्हणायचं नाही, म्हणायचं की सगळ्या गल्लीला ऐकू जातं, पोरं बघतात, तुला लाज वाटत नसेल तर आम्हाला वाटते. अब्रू हा शब्द आपण आजपर्यंत बाईच्या गप्प राहण्याला चिकटवलाय. अब्रू जाते ती मारणाऱ्याची. हे पारावर, सलूनमध्ये, ट्रॅक्टरवर, परत परत बोललं गेलं पाहिजे.

गावाचा ठराव

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती बऱ्याच ठिकाणी कागदावर होते. ती खरी घ्या. तिथं विषय ठेवा, रस्त्यावरचे दिवे, संडासची वाट, शाळेच्या वेळची एसटी, दारूचं दुकान, आणि मग ते ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्या. दुकानाबद्दल सांगायचं तर गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज दिला की पडताळणी होऊन गुप्त मतदान लागतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली केली, म्हणजे दुकान बंद करा असं मत दिलं, तर परवानाधारक दुकान बंद होतं. एकूण मतदारांपैकी निम्म्या, आलेल्यांपैकी नाही, म्हणून मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या बायकांना त्या दिवशी गावी आणायची तयारी आधीपासून करा, बऱ्याच गावात इथंच हरतात. दारू गेली की मारहाण आपोआप संपते असं नाही, न पिणारे पण मारतात. पण मधलं एक कारण कमी होतं, आणि बायकांनी एकत्र येऊन एक गोष्ट जिंकलेली असते, ते पुढं उपयोगाला येतं.

गावानं किंवा राजानं ह्यात पडणं ही काही नवीन गोष्ट नाही. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. ‘हे आपल्या संस्कृतीत नाही, शहरातलं फॅड आहे’ असं कोणी ग्रामसभेत म्हटलं तर हे सांगा.

गावकीनं कुठं हात लावायचा नाही

तंटामुक्ती समिती, भावकीची बैठक, जातपंचायत, ह्यांना समेट घडवायची सवय असते. बांधाच्या भांडणात ते ठीक आहे. मारहाणीत दोन बाजू नसतात. बाईला पन्नास पुरुषांसमोर उभं करून ‘काय झालं ते सांग’ म्हणणं हाच एक छळ आहे. नवऱ्याकडून ‘परत मारणार नाही’ असं शंभरच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन तिला त्याच संध्याकाळी परत पाठवणं, हे तर अजिबात करू नका, तो कागद तिला वाचवत नाही आणि पुढं तक्रार केली की तोच कागद तिच्याविरुद्ध दाखवतात. बलात्कार, लहान मुलीवरचा अत्याचार, जाळायचा प्रयत्न, ह्यात तर गावात बसून काही ठरवायचंच नाही, सरळ पोलीस. आरोपीशी लग्न लावून द्यायचं, पैसे घेऊन मिटवायचं असलं काही कोणी सुचवलं तर तिथून उठा. तक्रार केली म्हणून घर वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे, तो अशाच लोकांसाठी आहे.

कायद्याला कुठं जोडायचं

थोडक्यात सांगते. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर महिला व बालविकास विभागाकडून आधीच आणून ठेवा, ऐन वेळी सापडत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारू नये म्हणून आदेश, राहत्या घरातून काढू नये म्हणून आदेश, खर्च, मुलांचा ताबा हे सगळं मागता येतं, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा हक्क मागता येतो. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, ११२ तातडीची, मुलांसाठी १०९८. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं थोडे दिवस राहायची पण सोय असते. बऱ्याच पोलीस ठाण्यांत महिला-बालकांसाठी समुपदेशनाचा विशेष कक्ष आहे, ही कल्पना टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईत सुरू केली. ठाण्यात तिला एकटीला पाठवू नका, दोघी बरोबर जा, आणि ‘जा घरी, मिटवून घ्या’ असं म्हटलं तर लेखी अर्ज देऊन पोच घेतल्याशिवाय उठू नका.

ती परत गेली तर

हे होणारच, म्हणून आधी सांगते. एवढं सगळं करून, माहेरी महिनाभर राहून, अर्ज तयार करून ती परत नवऱ्याकडं जाते, पोरांसाठी, शाळेसाठी, त्यानं पाया पडून माफी मागितली म्हणून, किंवा वहिनीचं तोंड बघवत नाही म्हणून. तेव्हा मदत करणाऱ्या बायका चिडतात, ‘आता परत आलीस तर बघू’ म्हणतात. असं म्हणू नका. ती गेली तरी येणं-जाणं चालू ठेवा, पंचमीला मुराळी पाठवा, भाऊबीजेला भाऊ जाऊ दे, संक्रांतीला वाण घेऊन कोणीतरी जा, तिची पिशवी शेजारी ठेवलेली तशीच राहू दे. सोडून निघायची वेळ आणि त्यानंतरचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, त्यामुळं कधी निघायचं ते तिलाच ठरवू दे, तिला त्या घराचं जास्त कळतं. तुम्ही फक्त वार ठरवून घ्या, कोणत्या वारी कोण तिला भेटणार, आणि त्या वारी ती दिसली नाही, फोन लागला नाही, तर त्याच दिवशी दोघींनी तिच्या दाराशी जायचं.